कड्यावरची वाट विकायची नाही

कोर्वेइरा, ४ नोव्हेंबर २०१८

एलिसेओ,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. मी सही करणार नाही.

खरं तर एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण आई गेल्यापासून बावीस वर्षांत माझ्या भावाकडून आलेला पहिला कागद वकिलानं लिहिलेला असावा, हे मला झोंबलं. म्हणून थोडं जास्त लिहिते. फोन तू उचलत नाहीस, आणि मलाही फोनवर तुझा श्वास ऐकत बसायचं नाही.

वकील लिहितो की कड्यावरचं शेत आपल्या दोघांच्या नावावर आहे, पडीक आहे, आणि कंपनी चांगली किंमत देते आहे. पहिली गोष्ट खरी. दुसरी खोटी. मी तिथे दरवर्षी बटाटे लावते. पश्चिमेचा वारा अर्धे खातो, अर्धे मी खाते. तिसऱ्या गोष्टीशी मला काही देणंघेणं नाही.

त्या कंपनीचा माणूस इथे येऊन गेला, हे वकिलानं तुला सांगितलंय का? गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आला होता. मी त्याला शेताच्या टोकापर्यंत नेलं. तिथे वारा कसा असतो तुला ठाऊक आहे. माझा दंड धरूनच तो बोलत होता. म्हणाला, हॉटेलची पुढची भिंत सबंध काचेची असेल, पाहुण्यांना सकाळी न्याहारी करता करता खाली बुडालेलं जहाज दिसेल, अशी जागा अख्ख्या किनाऱ्यावर दुसरी नाही. मी विचारलं, आणि बंदरापासून दीपगृहापर्यंतची वाट? ती तर आमच्या शेतातूनच जाते. तो म्हणाला, ती वाट पाहुण्यांसाठी राखीव होईल, पण गावकऱ्यांना ठरावीक दिवशी सोडतील.

"साहेब," मी म्हटलं, "खाली आठ माणसं मेलीत. त्यांच्याकडे बघत तुमचे पाहुणे अंडी खाणार का?"

तो म्हणाला, बाई, त्याला आता किती वर्षं झाली.

त्याला परत गाडीपर्यंत एकट्यानं जाऊ दिलं. वाऱ्यात तो कसा चालला, ते बघायला तू हवा होतास. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी शेतात खुंट्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत मी त्या उपटून चुलीत घातल्या. लाकूड चांगलं होतं.

तुझ्या वकिलाला सांग, मला पुन्हा लिहू नकोस. लिहायचं तर तूच लिही.

ओबदुलिया


कोर्वेइरा, २ डिसेंबर

एलिसेओ,

लिहिलंस. नऊ ओळी. मी मोजल्या.

तू लिहितोस, 'तुला ती वाट प्यारी असणारच, तिथे तुझ्या नावाची पाटी आहे. माझ्या नावाचं तिथे काय आहे ते तुलाही माहीत आहे.'

माहीत आहे. फुको अजून जिवंत आहे. एक्याऐंशीचा झाला, दात गेले, पण जीभ शाबूत आहे. गेल्या आठवड्यात दारूच्या गुत्त्यात कुणाची तरी मोटार सुरू होईना, तर हा ओरडला, 'हँडल सापडत नाही वाटतं एलिसेओसारखं!' आणि सगळे हसले. त्यातले निम्मे तू गाव सोडून लोझानला गेलास तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांना तुझा चेहरा माहीत नाही, हँडल तेवढं माहीत आहे. मी तिथल्याच दुकानातून ब्रेड घेतला आणि बाहेर आले. काही बोलले नाही. मी कधीच काही बोललेले नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

पण वाटेचं ऐक. ती माझ्या पाटीसाठी नाही. पाटी मी मागितली नव्हती. फिलोमेनाचं, चेलोचं आणि माझं अशी तीन नावं तिच्यावर आहेत, आणि पक्ष्यांनी ती कधीच पांढरी करून टाकली आहे. रोज सकाळी ओहोटी साधून आम्ही बाया त्याच वाटेनं खडकांना चिकटलेले पेरसेबे शिंपले खरवडायला खाली उतरतो. कमरेला दोरी, एक खाली, एक वर. चौतीस वर्षं माझ्या दोरीचं वरचं टोक फिलोमेनाच्या हातात आहे. बाबा बुडाले तेव्हा आई त्याच वाटेवर तीन दिवस उभी होती. आणि त्या सतरा जानेवारीला ते जहाज खडकावर चढलेलं मी त्याच वाटेवरून पाहिलं. ती वाट बंद झाली, तर आम्ही ज्या ज्या गोष्टींनी उभ्या आहोत त्या सगळ्यांवर कुलूप लागेल. आणि किल्ली न्याहारी करणाऱ्यांकडे.

गेल्या बुधवारी कंपनीनं शेजारच्या शेताकडून तारेचं कुंपण घातलं, आपल्या बांधापर्यंत. आपलं शेत मिळेलच अशी खात्री असल्यासारखं. गुरुवारी मी आणि फिलोमेनानं पकडीनं तार तोडली. भर दुपारी, सगळ्यांसमोर. पोलीस आला. तो चेलोचा मोठा मुलगा, गंभीर तोंड करून. म्हणाला, ओबदुलियामावशी, तक्रार आली आहे, तार कुणी तोडली? फिलोमेनानं उजवा हात वर केला, दोन बोटं नसलेला, आणि म्हणाली, "ह्या हातानं. घाल बेड्या, बसतात का बघ." तो बिचारा वहीत काहीतरी लिहून गेला. काय लिहिलं देव जाणे.

तू म्हणशील, पन्नाशी उलटलेल्या बाईनं तारा तोडत फिरावं का? फिरावं. सही करत नाही. तुझी बायको ओदिलला नमस्कार सांग. तिनं एकदा नाताळचं कार्ड पाठवलं होतं, ते अजून आहे.

ओबदुलिया


कोर्वेइरा, ६ जानेवारी २०१९

एलिसेओ,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं. आज तीन राजांचा सण, गावात पोरं नव्या खेळण्यांचा गोंगाट करतायत, आणि मी स्वयंपाकघरात बसून चौथ्यांदा लिहिते आहे. या वेळी फाडणार नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं. लांब लिहिलंस. इतक्या वर्षांत तू त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोललास. गोठ्यातून धावत आलास, दारामागच्या खुंटीवर होडीचं इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल नव्हतं, सगळं घर उलटंपालटं केलंस, धक्क्यावर फुको आणि दुसरे दोघं दोर घेऊन तयार उभे होते, आणि तू रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर गेलास. पाण्यात असलेली मोठी होडी तेवढी आपलीच. मागाहून आई म्हणाली, मी फेकलं विहिरीत, नवरा गेला, मुलगा देणार नाही. तू लिहितोस, 'मी तिला क्षमा केली नाही. तिच्या पुरण्यालाही आलो नाही. शेत विकून टाकलं की तिच्याशी शेवटचा धागाही तुटेल.'

तर आता नीट वाच.

आईनं हँडल फेकलं नव्हतं. ते मी घेतलं होतं.

गाय घेऊन मी कड्यावरून येत होते. दुपारचे तीन वाजले असतील. धुकं फाटलं आणि खाली ते जहाज दिसलं, आडवं, खडकाच्या जबड्यात धरल्यासारखं. माणसं दिसत होती. लाटा डेकवरून पलीकडे जात होत्या. तीच जागा, एलिसेओ. पाच वर्षांपूर्वी बाबा जिथे गेले तीच, आणि त्या दिवशी समुद्र याच्या निम्माही खवळला नव्हता. मी पळत घरी आले. तू गोठ्यात होतास, शीळ वाजवत होतास. मला काय करायचंय हे मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. दारातून आत आले, समोर हँडल दिसलं आणि ते माझ्या हातात होतं. धान्याच्या कोठारात मक्याच्या कणसांखाली कोपरापर्यंत हात घालून पुरलं. मग गोठ्याच्या दाराशी येऊन तुला ओरडून सांगितलं की जहाज खडकावर लागलंय.

आधी पुरलं. मग सांगितलं.

तू घर उलथत होतास तेव्हा मी दोर घेऊन फिलोमेनाकडे धावले, चेलोला घेतलं, आणि आम्ही तिघी कड्यावरून खाली उतरलो. पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे. पाच माणसं आम्ही वर काढली. सहावा दोरीला धरून होता. एक लाट आली, दोरी फिलोमेनाच्या हातातून सरसरत गेली, दोन बोटं घेऊन गेली, आणि तो माणूसही. तासाभरात जहाज दुभंगलं. आठ गेले. मला शौर्यपदक मिळालं आणि तुला टोपणनाव.

आईला कसं कळलं? माझ्या बाह्यांना मक्याचा भुसा लागला होता. तिनं तो पाहिला, झटकला, आणि त्याच संध्याकाळी तुझ्यासमोर म्हणाली की मी फेकलं. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. नंतर एकदाच मी तिला विचारलं, की असं का केलंस. ती भाकरीचं पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "आईवर रागावलेला मुलगा कधीतरी घरी येतो. बहिणीवर रागावलेला येत नाही."

आईचं गणित चुकलं. बारा वर्षं ती वाट बघत होती, आणि मी तिला वाट बघू दिली. ती आजारी पडली तेव्हा खरं सांगणारं एक पत्र टाकलं असतं तर तू आला असतास. टाकलं नाही. हे हँडल लपवण्यापेक्षा वाईट आहे, आणि हे करताना माझ्यापुढे ना वादळ होतं ना घाई होती.

मी माफी मागत नाही. एवढ्या उशिरा मागितलेली माफी म्हणजे तुझ्याच डोक्यावर आणखी एक ओझं. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. सतराला पस्तीस वर्षं होतात. वाटेवर सगळं गाव जमेल. तिथेही हेच सांगणार आहे, पाटीसमोर उभी राहून. फिलोमेनालाही आधी सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

तुला आता सगळं मोडून टाकावंसं वाटलं तर वाटू दे. सही मात्र करणार नाही.

ओबदुलिया


कोर्वेइरा, २० जानेवारी

एलिसेओ,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण तिथे काय झालं ते तुला इतर कुणाच्या तोंडून कळायला नको.

पाऊस भुरभुरत होता, तरी दीडशे माणसं आली होती. कुंपणाच्या भानगडीमुळे या वर्षी जरा जास्तच. पाद्रीबाबांनी आठ जणांसाठी प्रार्थना म्हटली. नगराध्यक्ष वाटेबद्दल बोलले, टाळ्या घेतल्या. दरवर्षीप्रमाणे मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दरवर्षी नाही म्हणते. या वर्षी पुढे गेले.

जे तुला लिहिलं तेच सांगितलं. माझा भाऊ भ्याला नव्हता, तो होडी काढायला निघाला होता, हँडल मी लपवलं, आईनं माझा आळ स्वतःवर घेतला, आणि पस्तीस वर्षं मी तुमच्यामध्ये बसून तुमचं हसणं ऐकलं.

मग फुको काठी टेकत पुढे आला. म्हणाला, मग त्या दिवशी धक्क्यावर तो खरं सांगत होता? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आणि आम्ही इतकी वर्षं... मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही हसलात आणि मी गप्प बसले. आपल्यात थोर कुणी नाही, फुको."

कुणीतरी मागून ओरडलं की मग पाटीवरचं हिचं नाव खोडा. मी म्हटलं, खोडणार नाही. पाच माणसं या हातांनी वर आलीत. त्यातला एक दरवर्षी केप व्हर्देहून नातवंडांचे फोटो पाठवतो. तेही खरं, आणि हेही खरं. दोन्ही माझंच आहे. मला दोन्हींतलं काही लपवायचं नाही.

पण फिलोमेना. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळे पांगले तेव्हा ती जवळ आली. "होडी आली असती," ती म्हणाली, "तर तो सहावा माझ्या हातून गेला नसता. मी अजून त्याचं तोंड बघते, ओबदुलिया." मी म्हटलं, कदाचित होडीही गेली असती. ती म्हणाली, कदाचित. आणि निघून गेली. काल सकाळी ओहोटीला ती भाचीबरोबर उतरली. मी कड्यावर माझी दोरी हातात धरून उभी राहिले आणि घरी आले. एकटीनं उतरता येत नाही.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. जे विकत घेतलं त्याची किंमत ही. बोलल्याचा पश्चात्ताप नाही. उशिरा बोलल्याचा आहे.

परवा गुत्त्यात गेले. तुझं नाव कुणी काढलं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

ओबदुलिया


कोर्वेइरा, ११ एप्रिल

एलिसेओ,

तू येशील असं वाटलं नव्हतं. आलास तेही न कळवता, आणि शेजारच्या गावी खोली घेऊन राहिलास. मी बसमधून उतरणारा तो पांढऱ्या केसांचा माणूस पाहिला आणि चालीवरून ओळखला. बाबांची चाल. पाय टाकण्याआधी जमीन चाचपायची.

जे बोललो ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण तू निघून गेल्यावर मला वाटलं की मी पुन्हा त्यातलं माझ्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवीन.

तू म्हणालास, वाट दाखव. मी म्हटलं, तुला येते की. तू म्हणालास, मी ही वाट लोझानमध्ये मनातल्या मनात रोज चाललो, पण ती आता खरी राहिली असेल का, बघू दे. आपण चाललो. तोडलेली तार तू बुटानं बाजूला सारलीस. पाटीसमोर थांबलास, तिन्ही नावं वाचलीस. ओहोटी होती, म्हणून जहाजाचा गंजलेला बॉयलर आणि दोन फासळ्या उघड्या पडल्या होत्या. तू विचारलंस, दोरी कुठे बांधली होती? मी तो दगड दाखवला. तू त्याच्यावर हात फिरवलास.

मग तू हातवारे करून सांगू लागलास, की उत्तरेकडून कसा आत शिरला असतास, तीन मोठ्या लाटा कशा जाऊ दिल्या असत्यास, त्या दोन खडकांमधून. परदेशात परांचीवर उभं राहून विटा रचताना हेच मनात रचत होतास, म्हणालास. मी ऐकलं. मग म्हटलं, बाबाही तिथूनच शिरले होते.

"बाबा मेले म्हणून मीही मेलो असतो, हे कुणाला विचारून ठरवलंस?"

"कुणालाच नाही."

"ते ठरवायचं माझं होतं, ओबदुलिया. जायचं की नाही, मरायचं की नाही. भित्रा ठरायचं असतं तर तेही मीच ठरवलं असतं."

गेली पस्तीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भाऊ वाचवला. तुझ्याकडून काय काढून घेतलं, ते मला त्या दगडापाशी कळलं.

स्मशानात तू मला बाहेर थांबायला सांगितलंस. मी थांबले. किती वेळ ते सांगत नाही. बाहेर आलास तेव्हा तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माती होती.

बसपाशी फुको आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, एलिसेओ, मी म्हातारा झालो, मला आता फार बोलता येत नाही. तू म्हणालास, "पूर्वी येत होतं." आणि बसमध्ये चढलास. तो बस वळेपर्यंत तसाच उघड्या डोक्यानं पावसात उभा होता. मी त्याला घरी पोचवलं.

बसच्या पायरीवरून तू मला म्हणालास, मी तुला क्षमा केलेली नाही. मी म्हटलं, ऐकलं.

आणि काल तुझं पत्र आलं. वकिलाचं नाही, तुझ्या हातचं. तू शेत विकत नाहीस. 'तुझ्यासाठी नाही,' असं खाली रेघ मारून लिहिलं आहेस. आईनं खतासाठी पाठीवरून शेवाळ वाहून वाहून त्या जमिनीची माती केली, तिथे काचेची भिंत नको, म्हणतोस. बरं केलंस. माझ्यासाठी केलं असतंस तर मला घेता आलं नसतं. कंपनीचा माणूस आज शेजाऱ्याच्या शेतातल्या खुंट्या स्वतःच काढून घेऊन गेला. या खेपेस बूट बरे होते.

फिलोमेना अजून भाचीबरोबरच उतरते. मी विहिरीपलीकडच्या लुसिंदाबरोबर सुरुवात केली आहे. तिला दोरी नीट धरता येत नाही, शिकवते आहे. फिलोमेनाला मी रोज नमस्कार करते. रोज ती घेत नाही. उद्याही करीन.

तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस, 'पुन्हा तसाच दिवस आला तर काय करशील, खरं सांग.' आधी वाटलं, तुला बरं वाटेल असं लिहावं. मग वाटलं, तेवढं खोटं आपल्यात पुरे झालं.

मी पुन्हा हँडल घेईन. पण मक्यात पुरणार नाही. ते छातीशी धरून दारात उभी राहीन आणि तुझ्या तोंडावर सांगेन की हे माझ्याकडे आहे, मी देत नाही, मला तू जिवंत हवा आहेस. मग तू मला ढकलून ते हिसकावून घे, आणि जा. किंवा जाऊ नकोस. पाठीमागून मी ओरडीन, शिव्या देईन, आणि दोर घेऊन कड्यावर धावेन. पण ठरवशील तू.

ओबदुलिया